पोराला कम्प्युटरला टाकायचं का?

सीईटीचा निकाल लागतो तेव्हा आमच्याकडे धानाचे पऱ्हे हिरवे झालेले असतात. रोवणीला माणसं शोधायची आणि त्याच दिवसांत कॅप फेरीसाठी कॉलेजांची यादीही भरायची, अशी दुहेरी धावपळ. बारावीला बरे गुण मिळालेला पोरगा घरात असला की प्रश्न ठरलेला : कम्प्युटरला टाकायचं का? टाकलं तर तो प्रोग्रामर होईल का? आणि न टाकताच होणार असेल, तर चार वर्षं आणि तेवढा पैसा कशाला घालवायचा?

हा वाद मी दोन माणसांच्या तोंडून मांडतो आहे. दोघंही कल्पित आहेत, पण भंडारा जिल्ह्यात अशी माणसं शोधायला फार हिंडावं लागत नाही. मामांचं तुमसरला दुकान आहे. आयटीआयमधून कोपाचा, म्हणजे कम्प्युटर ऑपरेटरचा, ट्रेड केला, सायबर कॅफे चालवला, मग राईस मिलच्या हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहू लागले. आधी फॉक्सप्रोत, नंतर व्हिज्युअल बेसिकमध्ये, आता पीएचपीत. भाची लाखनीची. नागपूर विद्यापीठाची संगणक अभियांत्रिकीची पदवी, चार वर्षं नागपुरात नोकरी. मामांचा मुलगा यंदा बारावी झाला. प्रश्न त्याचा आहे. घरोघरी होतं तसं तो या बोलण्यात फारसा नाही.

मामा : मी साफ सांगतो बाई, पोट्ट्याला चार वर्षं नागपूरला ठेवून मला काय मिळणार? माझ्या दुकानात बसला तर सहा महिन्यांत बिलिंग लिहील. मी कुठं शिकलो? मिलवाल्याच्या मुनीमाजवळ बसून शिकलो. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागं 67 किलो तांदूळ जमा करावा लागतो, उकडा असला तर 68. कोंडा कोणाचा, बारदाना कोणाचा, ट्रकचं भाडं कोणाच्या खात्यावर? हे तुमच्या कोणत्या सेमिस्टरला असतं?

भाची : कोणत्याच नाही, मामाजी. आणि नसावंच. आज मी मिलचं लिहीन, उद्या दवाखान्याचं, परवा बसच्या आरक्षणाचं. कॉलेजनं मला धानाचा हिशेब शिकवला असता तर दवाखान्यात गेल्यावर मी काय करणार होते?

मामा : मग शिकवलं काय?

भाची : गेल्या दिवाळीत तुमचा प्रोग्राम रात्रभर चालत होता, आठवतं?

तो किस्सा इथं सांगून टाकतो. एका संस्थेनं मामांना दोन याद्या दिल्या होत्या. एकीत धान विकायला नोंदलेले कास्तकार, दुसरीत त्यांची बँक खाती. दोन्हींत वीस-वीस हजार नावं. कोणत्या कास्तकाराचे चुकारे कोणत्या खात्यात जायचे, ते जुळवायचं. मामांनी जे सुचलं ते लिहिलं : पहिल्या यादीतलं एक नाव घ्या, दुसरी यादी वरपासून खालपर्यंत वाचा, सापडलं की खूण करा, मग पुढचं नाव घ्या. गणित साधं आहे. वीस हजार गुणिले वीस हजार, म्हणजे 40 कोटी वेळा नावाला नाव लावून बघायचं. त्यात प्रोग्राम प्रत्येक वेळी ओळ डिस्कवरून वाचत होता. जुना संगणक रात्रभर घरघरत राहिला.

भाचीनं दुसरी यादी एकदाच वाचून प्रत्येक नावाला त्याची जागा नेमून दिली. मराठीत सरळ सांगायचं तर प्रत्येक नावापासून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या खणात ते नाव टाकायचं. मग शोधताना सगळी यादी चाळावी लागत नाही, थेट खण उघडायचा. 40 कोटींचं काम चाळीस-पन्नास हजारांवर आलं. नुसती यादी क्रमानं लावून अर्धी-अर्धी करत शोधलं असतं, तरी एका नावाला पंधरा खेपांच्या वर लागल्या नसत्या. चहा येईपर्यंत काम आटोपलं.

भाची : याला हॅशिंग म्हणतात. तिसऱ्या सेमिस्टरला होतं. मी काही हुशारी केली नाही. मला फक्त माहीत होतं की हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर कोणीतरी आधीच काढून ठेवलं आहे.

मामा : हो, पण पुढचं सांग ना. उत्तर आलं, मग काय झालं?

भाची : (हसून) दोनेक हजार नावं जुळली नाहीत.

मामा : कशी जुळतील? एका यादीत हिरामण, दुसरीत हिरामन. एकीकडं सेलोकर, दुसरीकडं शेलोकर. आमच्या झाडीत न-णचा भेद कोण पाळतो? जुन्या सातबाऱ्यावरून उतरवलेल्या नावात ‘वल्द’ आणि ‘जौजे’ लागलेलं, बँकेच्या यादीत तेच नाव बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट सरळ. काही नावं कृतिदेवात टाइप केलेली, काही युनिकोडात. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, मशीनला नाही दिसत. तुझ्या हॅशिंगला यातलं काही ठाऊक होतं?

भाची : नव्हतं. एका अक्षराचा फरक पडला की खणच बदलतो.

मामा : ते मी बसून लावलं. कोणतं अक्षर कशाच्या जागी येतं, याचा तक्ता केला. आधी नाव साफ करायचं, मग जुळवायचं. तो तक्ता सायबर कॅफेत वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरून डोक्यात बसला होता.

इथवर ऐकणारा म्हणेल, दोघांचंही बरोबर आणि दोघंही अर्धे. ते खरं आहे, पण तिथं थांबलं तर तो मध्यममार्गी गुळमुळीतपणा होईल. दोन अर्ध्यांचं वजन सारखं नाही. नावांचा तक्ता भाचीला मामांकडून एका दुपारी घेता आला. हॅशिंग मामांना वीस वर्षांत कोणी दिलं नव्हतं, आणि ते मागावं हेही त्यांना सुचलं नव्हतं. आपल्याला काय येत नाही हे कळायलाही थोडं शिकलेलं असावं लागतं. स्वतः शिकणाऱ्याची खरी अडचण ही आहे. त्याला अडलेल्या प्रश्नाचं उत्तर यूट्यूबवर मिळतं. न अडलेल्या प्रश्नाचं कुठं शोधणार? रात्रभर चाललेला प्रोग्राम सकाळी उत्तर देतच होता. म्हणजे मामांच्या लेखी काही अडलंच नव्हतं.

मामा : बरं, हे मानलं. पण मग डिग्रीवाल्याचंही ऐक. गेल्या उन्हाळ्यात एक पोट्टा माझ्याकडं इंटर्नशिपला आला होता. शेवटच्या वर्षाला. त्याला चुकाऱ्यांचं पान लिहायला दिलं. तेव्हाचा 2369 रुपये हमीभाव, 12 क्विंटल 40 किलो धान, तर किती झाले?

भाची : 29,375 रुपये 60 पैसे.

मामा : एकाचे बरोबर येतात. हजार लोकांची बेरीज घेतली की काही पैशांचा फरक. मुनीम म्हणे, पैसा चुकला म्हणजे हिशेब चुकला. मी त्या पोट्ट्याला विचारलं, तर म्हणतो, सर, कम्प्युटरमध्ये थोडं इकडंतिकडं होतंच.

भाची : दशांश अपूर्णांक ठेवले असतील त्यानं. मशीन दोनच्या घातांत मोजतं, त्यामुळं 0.1 सारखी साधी संख्याही त्यात नेमकी बसत नाही. 0.1 आणि 0.2 मिळवले की 0.30000000000000004 येतं. पैशाचा हिशेब पैशांतच ठेवायचा, पूर्णांकात. वजन ग्रॅममध्ये.

मामा : हे त्याला शिकवलेलं नव्हतं?

भाची : शिकवलेलं होतं. पेपरात येतं. दहापैकी आठ मिळतात.

मामा : मंग?

भाची : पेपरात लिहिलेलं चुकाऱ्यांच्या पानावर कामाला येतं, हे कोणी दाखवलेलं नसतं.

मामा : मी ते शिकलो कोणाकडून? मुनीमाकडून. तो वहीत रुपयाचं घर वेगळं आणि पैशाचं घर वेगळं ठेवत होता. मी तसंच मशीनमध्ये केलं. बिल गेट्सनं तरी कुठं कॉलेज पुरं केलं?

(हा बिल गेट्स प्रत्येक घरच्या भांडणात येतोच. भाची तयारीत होती.)

भाची : मामाजी, गेट्सनं हार्वर्ड सोडलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सोडण्याआधी काय केलं ते कोणी सांगत नाही. लहानमोठ्या धिरड्यांची चळत आहे. मध्ये उलथणं घालून वरची सगळी एकदम उलटायची, एवढीच मुभा. जास्तीत जास्त किती उलटण्यांत मोठं खाली, लहान वर असा क्रम लागेल? वर्गात मांडलेल्या या प्रश्नावर गेट्सनं तोडगा काढला आणि 1979 मध्ये पापादिमित्रिऊ या संगणकशास्त्रज्ञाबरोबर त्याचा शोधनिबंध छापून आला. त्याहून चांगलं उत्तर सापडायला जवळपास तीस वर्षं लागली. त्याचं पहिलं बेसिकही हार्वर्डच्या संगणकावर लिहिलं गेलं. आणि शाळेत असताना, 1968 मध्ये, त्याला संगणकाला जोडलेलं टर्मिनल मिळालं होतं. तुमसरच्या कोणत्या शाळेत तेव्हा टर्मिनल होतं?

मामा : तेव्हा तुमसरला मँगनीज होतं.

भाची : डिग्री सोडणं आणि विषय सोडणं वेगळं. त्यानं डिग्री सोडली, विषय नाही.

गेट्सवरून गाडी निघालीच आहे तर थोडं मागं जाऊ. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीकडं संगणकशास्त्राची पदवी नव्हती, कारण ती कुठं मिळतच नव्हती. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठानं या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला 1962 मध्ये. एड्सगर डाइक्स्ट्रा 1957 मध्ये लग्नाची नोंद करायला गेला. धंदा ‘प्रोग्रामर’ असं त्यानं लिहिलं, तर ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी असा धंदाच नाही म्हणून ते मानलं नाही. शेवटी कागदावर ‘सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ’ असं लागलं. सी ही भाषा रचणारा डेनिस रिची हार्वर्डचा भौतिकशास्त्र आणि गणिताचा विद्यार्थी. प्रबंधाची बांधलेली प्रत दाखल न केल्यानं त्याला डॉक्टरेटही मिळाली नाही. आपल्या विदर्भातले विजय भटकर अकोला जिल्ह्यातले. 1991 मध्ये परम 8000 उभा करणाऱ्या पुण्याच्या सीडॅकचे ते प्रमुख, पण नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून निघाले ते साठच्या दशकातले इंजिनिअर म्हणून. हे दाखले मामांच्या बाजूचे वाटतात. जरा जवळून पाहिलं की उलटतात. यांच्यापैकी कोणी बिनशिकलेला नाही. सगळे गणितात, भौतिकशास्त्रात, विद्युत अभियांत्रिकीत मुरलेले. पदवीवरचं नाव दुसरं होतं, एवढंच.

भाची : आणि मराठी माणूसच हवा असेल तर नरेंद्र करमरकर घ्या. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. आयआयटी मुंबई, मग बर्कलेला संगणकशास्त्रात डॉक्टरेट. 1984 मध्ये बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी रेषीय प्रोग्रामिंगची नवी रीत काढली. तुम्हाला परकं वाटेल, पण हा तुमचाच प्रश्न आहे. जिल्ह्यात इतकी खरेदी केंद्रं, इतक्या मिली, इतकी गोदामं. कोणत्या केंद्राचं धान कोणत्या मिलला पाठवलं तर ट्रकभाडं कमीत कमी लागेल? हे अंदाजानं नाही, गणितानं सांगता येतं. बसून, स्वतःच्या अकलेनं, हे कोणी दुकानात काढलं नसतं.

मामा : गणित सांगेल पवनीचं धान लाखांदूरला पाठवा. पावसात वाट बंद असेल, हमालांचे वांधे असतील, ते गणिताला कोण सांगेल?

भाची : तुम्ही सांगाल. अट म्हणून. पण अट सांगायला आधी गणित मांडलेलं हवं ना?

मामा थोडे गप्प राहिले. मग त्यांनी हुकमी पान काढलं. झाडीपट्टीतला माणूस शेवटी तलावावर येतोच.

मामा : बरं. आपले तलाव कोणी बांधले? कोहळी लोकांनी. गोंड राजांच्या काळापासून. पाळ कुठं घालायची, जादा पाण्याची सलंग कुठून काढायची, पाणी सोडायचं तुडूम कसं बसवायचं, कोणत्या कॉलेजात शिकले ते? नवेगावबांध अजून उभा आहे. आता गोंदियात गेला, पण होता तर आपल्याच जिल्ह्यात. आणि इकडं गोसीखुर्द बघ. 1988 ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. 372 कोटींचा अंदाज होता. डिग्रीवाल्या इंजिनिअरांची फौज होती. हजारो कोटी गेले, माझे केस पिकायला लागले, कालव्यांची कामं निघतच आहेत.

भाची : गोसीखुर्दचं काम रखडलं ते कोणाला गणित आलं नाही म्हणून नाही. जमीन, पुनर्वसन, ठेके, मंजुऱ्या. 33 दारांचं धरण वैनगंगेच्या पुरात उभं आहे ना? तेवढं डिग्रीवाल्यांचं. आणि कोहळ्यांचं म्हणाल तर त्यांना बिनशिकलेलं कोण म्हणतं? पोरगा बापाबरोबर पाळीवर जात होता. माती कोणती, पाणी कुठून वळतं, सलंग किती उंच ठेवली तर पाळ फुटत नाही, हे बाप दाखवत होता, चुकलं तर तिथंच सांगत होता. वीस वर्षांचा कोर्स होता तो. कागद नव्हता, एवढंच.

मामा : तेच मी म्हणतो ना, कागदाची गरज नाही.

भाची : तुम्हाला तो बाप कोण होता, मामाजी? वीस वर्षांत तुमचा कोड दुसऱ्या कोणी वाचला?

मामांकडं याला उत्तर नव्हतं. माझ्या मते या सगळ्या वादाची गाठ इथंच आहे. मुनीमानं हिशेब तपासला, कोड नाही. गिऱ्हाइकाला पान उघडलं की समाधान. चूक दिसेपर्यंत ती चूक नसते. कोहळ्यांच्या पोराला जे पाळीवर मिळत होतं, ते तुमसरच्या दुकानात नाही.

पण म्हणून कॉलेजात आहे का? पदवीच्या बाजूनं बोलणारे इथं घाईघाईनं पुढं सरकतात, म्हणून मी जरा रेंगाळणार आहे.

मामा : (सावरून) आणि तुझा कोण वाचत होता?

भाची : खरं सांगू? पहिली तीन वर्षं कोणीच नाही. प्रॅक्टिकलला प्रोग्राम फळ्यावर असायचा. तो जर्नलमध्ये हातानं उतरवायचा, आउटपुटचं चित्र चिकटवायचं, सही घ्यायची. मागल्या वर्षीच्या पोरांची जर्नलं हॉस्टेलला फिरत असायची. व्हायवाला दहा प्रश्न ठरलेले. लिंक्ड लिस्टची व्याख्या पाठ होती, पण ती लिहिली असती तर चालली नसती. बॅकलॉग राहू नये आणि साठ टक्के पडावेत, म्हणजे कॅम्पसला बसता येतं. सगळ्या वर्गाचं ध्येय तेवढंच.

मामा : मग शिकली कधी?

भाची : एक मॅडम होत्या. चौथ्या वर्षाला प्रोजेक्ट त्यांच्याकडं होता. त्या छापील प्रत मागायच्या आणि लाल पेनानं परत द्यायच्या. हे नाव असं का? ही फाइल बंद कुठं केली? वीज गेली तर काय होईल? आमचा गट त्यांना फार नावं ठेवायचा. आणि मग नोकरी. तिथं दुसऱ्यानं वाचल्याशिवाय माझी एक ओळही पुढं जात नाही. पहिल्या महिन्यात जे लिहिलं त्यातलं बहुतेक परत आलं.

म्हणजे हिशेब असा लागतो. मामांना वीस वर्षांत परीक्षक मिळाला नाही, भाचीला चार वर्षांत एक. पदवीनं प्रोग्रामर घडतो असं जे म्हणतात, ते प्रत्यक्षात या एका मॅडमबद्दल बोलत असतात. जिथं ती आहे तिथं पदवीचा उपयोग होतो, जिथं नाही तिथं पदवी म्हणजे हॉस्टेलचं भाडं. बीई असो, बीसीसीए असो की पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, नियम तोच. आणि हे माझं मत जरा कडक वाटलं तरी मागं घेणार नाही : फळ्यावरचा प्रोग्राम जर्नलात उतरवण्यापेक्षा मामांच्या दुकानात बसणं बरं. तिथं निदान गिऱ्हाईक ओरडतं.

मामा : अन् आता तर आयआयटीचे प्राध्यापक फुकट शिकवतात. एनपीटीईएलवर. मोबाइल उघडा अन् बघा. मग फी कशाची?

भाची : तुम्ही डेटा स्ट्रक्चरची मालिका लावली होती. कुठवर गेली?

मामा : धानाचा सीझन आला मधातच.

भाची : तेच. आपल्याकडं सीझन येतोच. चार वर्षं कोणी तुम्हाला कामाला लावणार नाही, एवढी सूट कॉलेज विकत देतं. आणि परीक्षेची भीती घालून नको वाटणारं वाचायला लावतं. ऑटोमाटा मी स्वतःहून कधीच वाचलं नसतं.

मामा : ते झोहो सॉफ्टवेअरवाले तर म्हणे बारावीच्या पोरांनाच घेतात.

भाची : घेतात. 2005 पासून त्यांची स्वतःची शाळा आहे. डिग्री मागत नाहीत. पण शिकवतात, मामाजी. पगारी शिक्षक ठेवून, विद्यावेतन देऊन. आणि शाळा काढणारे श्रीधर वेम्बू स्वतः आयआयटी मद्रास आणि प्रिन्स्टनची डॉक्टरेट करून आलेले. डिग्री नको म्हणायला त्यांना डिग्री लागली.

मामा हसले. पण पुढं भाची जे बोलली, ते या विषयावरच्या चर्चेत सहसा येत नाही. वाद घालणारे बहुतेक पुरुष असतात, हे त्याचं कारण असावं.

भाची : आणखी एक सांगते. तुम्ही सायबर कॅफेत रात्री दहापर्यंत बसून शिकलात. मशीन उघडून बघितलं, मित्रांबरोबर नागपूरला सीताबर्डीला जाऊन पार्ट आणले. मी लाखनीत तसं बसले असते?

मामा : तुझ्या बापानं तंगडं मोडलं असतं.

भाची : तुम्हीही त्यांना साथ दिली असती. स्वतः शिका म्हणणारे विसरतात की स्वतः शिकायलाही जागा लागते, आणि ती जागा पोट्ट्यांची होती. मला घराबाहेर काढलं ते ॲडमिशनच्या कागदानं. डिग्रीनं मला चांगली प्रोग्रामर केलं की नाही, त्यावर तुम्ही भांडा. डिग्रीनं मला नागपूरला जाऊ दिलं. लॅबमध्ये संध्याकाळी सातला बसले तर कोणी विचारत नव्हतं, कारण ती लॅब होती.

मामा : हे माझ्या ध्यानात नव्हतं.

2024 पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. मोहाडीच्या किंवा साकोलीच्या बापाला त्यामुळं मुलीसाठी उत्तर वेगळं द्यावं लागेल, आणि मुलासाठी वेगळं. मुलीबाबत माझ्या मनात शंका नाही. कॉलेज मधलं असलं तरी पाठवा.

मामा : पण आता एआय आलं ना? माझ्या पोट्ट्यानं काल चॅटबॉटला सांगितलं, मिलचं बिलिंग दे, तर अख्खं पान लिहून दिलं. आता तुझंही काम नाही अन् माझंही.

भाची : त्यात पैसे कसे ठेवले होते? पूर्णांकात की दशांशात?

मामा : (मुलाकडं बघत) कसे ठेवले रे?

मुलगा : बघितलं नाही.

यावर जास्त लिहायची गरज नाही. लिहून देणारं यंत्र आलं की वाचणाऱ्याची किंमत वाढते. वाचायला यंत्रापेक्षा थोडं जास्त यावं लागतं, कधी मुनीमाचं, कधी मॅडमचं.

भाषेचा मुद्दा राहिला. झाडीतल्या मराठी शाळेतून गेलेल्या मुलाचं पहिलं वर्ष विषयात जातच नाही, इंग्रजीत जातं. 2021 मध्ये एआयसीटीईनं प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, पिंपरी-चिंचवडला संगणकाची मराठी तुकडी निघाली. सगळीकडं ती हवा पोचायची आहे. तोवर पोराला इंग्रजीतली एरर शांतपणे वाचायची सवय घरूनच लावलेली बरी.

शेवटी मुलाचं काय ठरलं? मामा म्हणाले, टाकू. पण सुट्टीत दुकानात बसेल, आणि जे लिहील ते बहिणीला पाठवेल. भाची म्हणाली, पाठवू दे, लाल पेन आहे माझ्याकडं. तडजोड म्हणून हे ठीक आहे. सगळ्यांच्या घरी अशी भाची नसते.

ज्यांच्या घरी नाही त्यांना एवढंच सांगणं आहे. पर्याय भरण्याआधी त्या कॉलेजात एकदा जा. इमारत, बस, प्लेसमेंटचा फलक बघू नका. लॅबमध्ये शेवटच्या वर्षाच्या कोणत्याही मुलाला म्हणा, तू लिहिलेलं काहीतरी चालवून दाखव. चाललं तर विचारा, हे कोणत्या सरांनी वाचलं आणि काय बदलायला सांगितलं? तो सरांचं नाव घेऊन सांगू लागला तर पहिला पर्याय तोच टाका. जर्नल दाखवायला उठला तर पुढच्या कॉलेजात जा. लॅब दुपारी उघड्या असतात आणि रोवणीतूनही अर्धा दिवस निघतो.